आलेखाची शेपटी

कर्करोगाच्या उपचारांविषयीची बहुतेक विधाने ज्या एका आकृतीवर उभी असतात, ती काढण्याची पद्धत एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर या दोन अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी 1958 साली एका शोधनिबंधात मांडली. आडव्या अक्षावर उपचार सुरू झाल्यापासूनचे महिने, उभ्या अक्षावर त्या महिन्यापर्यंत हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण आणि या दोहोंच्या मध्ये शंभर टक्क्यांपासून निघून पायरी-पायरीने उतरत जाणारी एक रेघ, असे तिचे रूप असते. रेघेची प्रत्येक पायरी म्हणजे एखाद्या रुग्णाचा मृत्यू होय. ही रेघ पन्नास टक्क्यांच्या पातळीला ज्या महिन्यात येऊन टेकते, त्या महिन्याला मध्यक जीवितकाल म्हणतात, म्हणजे निम्मे रुग्ण त्याआधी दगावलेले असतात आणि निम्मे त्यानंतरही हयात असतात. वर्तमानपत्रांत आणि औषधांच्या माहितीपत्रकांत हाच आकडा झळकतो. परंतु मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगाबाबत गेल्या दशकात जे घडले, ते या मध्यकापेक्षा रेघेच्या उजव्या टोकाला, तिच्या शेपटीला, अधिक स्पष्ट दिसते, आणि मध्यकावरच नजर ठेवणाऱ्याच्या हातून त्यातला सर्वांत मोलाचा भाग निसटून जातो.

मूत्रपिंडाच्या कर्करोगांपैकी सुमारे नव्वद टक्के कर्करोग मूत्र गाळणाऱ्या सूक्ष्म नलिकांच्या अस्तरात उद्भवतात, आणि त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश ‘स्वच्छपेशी’ प्रकारचे असतात. सूक्ष्मदर्शकासाठी काप तयार करताना पेशींतील चरबी आणि साखरेचा साठा विरघळून जातो आणि त्या पोकळ, पारदर्शक दिसतात, म्हणून हे नाव पडले. या प्रकारच्या बहुतेक गाठींत व्हीएचएल नावाचे जनुक निकामी झालेले असते. जर्मन नेत्रतज्ज्ञ फॉन हिप्पेल आणि स्वीडिश विकृतिशास्त्रज्ञ लिंडाउ यांनी वर्णिलेल्या एका आनुवंशिक आजारावरून हे नाव आले असून, ते जनुक 1993 साली ओळखले गेले. निरोगी पेशीत या जनुकाचे प्रथिन, प्राणवायू पुरेसा असताना, टंचाईचा इशारा देणारी दुसरी प्रथिने नष्ट करत राहते. जनुक निकामी झाले की प्राणवायू मुबलक असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते आणि नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणारे संदेश अखंड सोडत राहते. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना 2019 चे नोबेल पारितोषिक मिळाले. रोगाचा पुढचा सारा इतिहास समजून घेण्यासाठी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे की ही गाठ रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असते आणि नेहमीच्या केमोथेरपीला ती जवळजवळ दाद देत नाही.

या रोगाचे दुसरे वैशिष्ट्य डॉक्टरांना पूर्वीपासून चकित करत आले आहे. कधी कधी, फार क्वचित, शरीरभर पसरलेल्या गाठी कोणत्याही औषधाविना आक्रसतात. कॅनडातील संशोधकांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीत 197 रुग्णांपैकी काहींना इंटरफेरॉन-गॅमा हे प्रतिकारशक्ती चेतवणारे द्रव्य आणि उरलेल्यांना औषधासारखेच दिसणारे निष्क्रिय इंजेक्शन दिले होते. त्यात औषध घेणाऱ्यांपैकी 4.4 टक्क्यांच्या, तर निष्क्रिय इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी 6.6 टक्क्यांच्या गाठी लहान झाल्या. औषधाच्या दृष्टीने हा निकाल निराशाजनक होता, परंतु त्यातील दुसरा आकडा पुन्हा पुन्हा पाहण्याजोगा आहे, कारण शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था या रोगाला ओळखू शकते आणि कधीकधी आवरूही शकते, याची ती नोंद होती.

त्या काळात पसरलेल्या रोगाचे भवितव्य किती बिकट होते, हे न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग कर्करोग केंद्रातील रॉबर्ट मोत्झर आणि सहकाऱ्यांनी 1999 साली मांडलेल्या हिशेबातून कळते. 1975 ते 1996 या काळात उपचार घेतलेल्या 670 रुग्णांचा मध्यक जीवितकाल दहा महिन्यांचा निघाला. रुग्णाची हिंडण्याफिरण्याची क्षमता, रक्तातील हिमोग्लोबिन आणि कॅल्शियम यांसारख्या पाच साध्या निकषांवर त्यांनी रुग्णांचे तीन गट पाडले. अनुकूल गटाचा मध्यक वीस महिने, मधल्याचा दहा आणि प्रतिकूल गटाचा चार महिने होता. तीन वर्षांनंतर अनुकूल गटातील 31 टक्के, मधल्या गटातील 7 टक्के रुग्ण हयात होते आणि प्रतिकूल गटातील कोणीही नव्हते. उत्तम रुग्णालयात, उत्तम डॉक्टरांच्या देखरेखीखाली असलेल्या माणसांचे हे आकडे आहेत, आणि आजच्या आकड्यांकडे वळण्यापूर्वी ते मनात नीट रुजवून घेणे आवश्यक आहे.

तेव्हाही एक औषध असे होते की ज्याने आलेखाला शेपटी दिली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी 1980 च्या दशकात इंटरल्यूकिन-2 या, टी-पेशींची म्हणजे संसर्गित आणि विकृत पेशी शोधून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींची वाढ करणाऱ्या, द्रव्याचे मोठे डोस देण्याची पद्धत विकसित केली आणि 1992 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ती पसरलेल्या मूत्रपिंड-कर्करोगासाठी मान्य केली. मान्यतेचा आधार असलेल्या 255 रुग्णांत सुमारे 14 टक्क्यांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या आणि सुमारे 5 टक्क्यांच्या पूर्ण नाहीशा झाल्या. ज्यांच्या नाहीशा झाल्या त्यांच्यापैकी अनेकांच्या त्या पुढे वर्षानुवर्षे परतल्या नाहीत. किंमत मात्र जबर होती. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागे, रक्तदाब कोसळे, रुग्णाला अतिदक्षता विभागासारख्या व्यवस्थेत ठेवावे लागे, आणि त्या 255 जणांपैकी सुमारे 4 टक्के रुग्ण उपचारानेच दगावले. त्यामुळे हा उपचार धडधाकट अशा मोजक्या रुग्णांपुरता राहिला, पण प्रतिकारशक्तीच्या वाटेने मिळालेला लाभ टिकतो, ही गोष्ट त्याने पक्की केली.

नव्या शतकात लक्ष रक्तवाहिन्यांकडे वळले. डिसेंबर 2005 मध्ये सोराफेनिब आणि जानेवारी 2006 मध्ये सुनिटिनिब ही तोंडाने घ्यायची औषधे अमेरिकेत मान्य झाली. ती गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांचे संदेशग्राहक बंद पाडतात. सुनिटिनिबची इंटरफेरॉन-अल्फा या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या जुन्या औषधाशी तुलना करणाऱ्या 750 रुग्णांच्या चाचणीत रोग वाढल्याविना गेलेला काळ पाच महिन्यांवरून अकरा महिन्यांवर गेला, आणि पुढे मध्यक जीवितकाल 21.8 विरुद्ध 26.4 महिने असा नोंदला गेला. दहा महिन्यांच्या जगात हे मोठेच पाऊल होते. परंतु या औषधांनी गाठ क्वचितच पूर्ण जाई आणि बहुतेकांत रोग कालांतराने औषधाला सरावून पुन्हा वाढू लागे. रेघ उजवीकडे सरकली खरी, पण उतरतच राहिली.

यानंतर आलेल्या औषधांना सर्वसाधारणपणे इम्युनोथेरपी म्हटले जात असले, तरी त्यांची कल्पना इंटरल्यूकिनच्या उलट दिशेची आहे. टी-पेशींच्या पृष्ठभागावर काही प्रथिने त्यांना आवर घालणाऱ्या लगामासारखी काम करतात. ती नसतील तर संसर्ग संपल्यावरही टी-पेशी थांबणार नाहीत आणि स्वतःच्याच शरीरावर तुटून पडतील. कर्करोगाच्या पेशी हाच लगाम खेचून टी-पेशींना निष्प्रभ करतात. सीटीएलए-4 हा असा एक लगाम सैल केला तर प्राण्यांतील गाठी विरघळतात, हे जेम्स ॲलिसन यांनी दाखवले, आणि पीडी-1 हा दुसरा लगाम तासुकू होंजो यांच्या क्योतोतील प्रयोगशाळेत 1992 साली सापडला. दोघांना 2018 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या लगामांना चिकटून त्यांचे काम अडवणारी प्रयोगशाळेत तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, ही या पिढीची औषधे होत. इंटरल्यूकिनने घोड्याला चाबूक मारला होता; येथे लगाम सोडला जातो.

2015 साली प्रसिद्ध झालेल्या ‘चेकमेट 025’ या चाचणीत, रक्तवाहिन्यांवरील औषध निष्फळ ठरलेल्या 821 रुग्णांत, पीडी-1 अडवणाऱ्या निवोलुमॅबने मध्यक जीवितकाल 19.6 महिन्यांवरून 25 महिन्यांवर नेला. खरी कसोटी मात्र पहिल्याच उपचाराची होती, आणि ती ‘चेकमेट 214’ ने घेतली. 1096 रुग्णांपैकी निम्म्यांना निवोलुमॅब आणि सीटीएलए-4 अडवणारे इपिलिमुमॅब ही जोडी, तर उरलेल्यांना सुनिटिनिब देण्यात आले. यातील 847 रुग्ण मधल्या किंवा प्रतिकूल गटातले होते, म्हणजे ज्यांचे आयुष्य पूर्वी महिन्यांत मोजले जाई असे. 2018 साली पहिला निकाल आला तेव्हा या 847 जणांत दीड वर्षाने जोडीच्या गटातील 75 टक्के आणि सुनिटिनिबच्या गटातील 60 टक्के रुग्ण हयात होते. त्याच वर्षी अमेरिकेत ही जोडी मान्य झाली.

त्यानंतर संशोधकांनी रुग्णांचा माग सोडला नाही, आणि या प्रकरणाच्या दृष्टीने तेच सर्वाधिक महत्त्वाचे आहे. पाच वर्षांनी सर्व रुग्णांचा एकत्र विचार केला असता जोडी घेतलेल्यांपैकी 48 टक्के आणि सुनिटिनिब घेतलेल्यांपैकी 37 टक्के हयात होते. रोग अजिबात न वाढता पाच वर्षे गेलेल्यांचे प्रमाण 30 विरुद्ध 14 टक्के होते. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर मधल्या आणि प्रतिकूल गटाचा मध्यक जीवितकाल 46.7 विरुद्ध 26 महिने असा निघाला. सुमारे 12 टक्के रुग्णांच्या गाठी चित्रणात पूर्ण नाहीशा झाल्या होत्या, सुनिटिनिबमध्ये हे प्रमाण सुमारे 3 टक्के होते. ज्यांच्या गाठींनी उपचाराला प्रतिसाद दिला त्यांच्यात तो प्रतिसाद टिकण्याचा मध्यक काळ जोडीत सुमारे 76 महिने, तर सुनिटिनिबमध्ये सुमारे 25 महिने होता. रोग न वाढता राहिलेल्यांच्या आलेखात तीनेक वर्षांनंतर रेघ जवळजवळ आडवी होते, म्हणजे तेथवर पोहोचलेला रुग्ण पुढेही तसाच राहण्याची शक्यता मोठी असते. कर्करोगाच्या आलेखात आडवी रेघ ही दुर्मीळ गोष्ट आहे. इंटरल्यूकिनने ती शंभरांतल्या चार-पाच जणांना दिली होती. आता ती कितीतरी अधिक जणांच्या आवाक्यात आली.

सर्वाधिक धक्कादायक बदल मात्र सर्वांत वाईट समजल्या जाणाऱ्या गाठींत झाला. काही मूत्रपिंड-कर्करोगांत पेशींचा आकार लांबट, तर्कूसारखा होतो; या ‘सार्कोमासदृश’ गाठींचे रुग्ण पूर्वी बहुधा वर्षभराच्या आत दगावत. चेकमेट 214 मधील अशा 139 रुग्णांत पाच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर मध्यक जीवितकाल सुनिटिनिबने 14.2 महिने आणि जोडीने 48.6 महिने असा नोंदला गेला. ज्या गाठी सर्वांत आक्रमक, त्यांतच टी-पेशींची वर्दळ अधिक आणि लगाम खेचण्याची खटपटही अधिक असते. लगाम सोडल्याचा लाभ तेथे सर्वाधिक दिसावा, हे म्हणूनच समजण्याजोगे आहे.

दुसरी वाट लगाम सोडण्याला रक्तवाहिन्यांवरील औषधाची जोड देण्याची होती, आणि तिच्या आकड्यांतून आलेख वाचण्याचा आणखी एक धडा मिळतो. ‘कीनोट 426’ या 861 रुग्णांच्या चाचणीत पीडी-1 अडवणारे पेम्ब्रोलिझुमॅब आणि रक्तवाहिन्यांवरील ॲक्सिटिनिब यांच्या जोडीची तुलना सुनिटिनिबशी झाली. 2019 च्या पहिल्या अहवालात जोखीम-गुणोत्तर 0.53 होते, या गुणोत्तराचा अर्थ असा की, पाठपुराव्याच्या काळात कोणत्याही टप्प्यावरील मृत्यूचा धोका जोडी घेणाऱ्यांत सुनिटिनिब घेणाऱ्यांच्या सुमारे 53 टक्के होता. पाच वर्षांहून अधिक पाठपुराव्यानंतर तेच गुणोत्तर 0.84 झाले, आणि पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे 42 विरुद्ध 37 टक्के उरले. औषधाचा गुण ओसरला, असा याचा सरसकट अर्थ नव्हे. रक्तवाहिन्यांवरील औषध गाठ झटपट आवरते, त्यामुळे पहिल्या वर्षातले मृत्यू टळतात आणि दोन रेघांमध्ये सुरुवातीलाच रुंद अंतर पडते. पुढे दोन्ही गटांतील रुग्ण दुसरे-तिसरे उपचार घेतात आणि रेघा जवळ येतात. इम्युनोथेरपीच्या दोन औषधांच्या जोडीत सुरुवातीचे अंतर कमी, पण शेपटी लांब, असे उलट चित्र दिसते. मात्र या दोन्ही जोड्यांची एकमेकींशी थेट तुलना झालेली नसल्याने, वेगवेगळ्या चाचण्यांतील आकडे शेजारी-शेजारी ठेवून विजेता ठरवणे सयुक्तिक होत नाही.

‘क्लिअर’ नावाच्या चाचणीत तर लेन्व्हॅटिनिब-पेम्ब्रोलिझुमॅब जोडीचा मध्यक 53.7 महिने आणि सुनिटिनिबचा 54.3 महिने निघाला, आणि तरीही जोखीम-गुणोत्तर 0.79 असल्याने एकूण फायदा जोडीच्याच बाजूचा राहिला. मध्यक हा आलेखावरचा एकच बिंदू असतो. तेथे रेघा जवळ आल्या असतील तर त्यापूर्वीची सारी वर्षे तो गिळून टाकतो.

या सगळ्या चाचण्यांत एक शांत पात्र आहे, ते म्हणजे तुलनेसाठी घेतलेला सुनिटिनिबचा गट. इंटरफेरॉन-अल्फाशी तुलना करणाऱ्या चाचणीच्या 2009 च्या अहवालात सुनिटिनिब घेणाऱ्यांचा मध्यक 26.4 महिने होता. चेकमेट 214 मध्ये त्याच औषधाने सुरुवात केलेल्यांचा मध्यक सुमारे 38 महिने आणि कीनोट 426 मध्ये सुमारे 41 महिने झाला. औषध बदलले नव्हते, उलट चेकमेट 214 मध्ये अनुकूल गटातले रुग्ण जुन्या चाचणीपेक्षा कमी प्रमाणात होते. बदलले ते नंतरचे आयुष्य: सुनिटिनिब निष्फळ ठरल्यावर त्यांतील अनेकांना निवोलुमॅबसारखी औषधे मिळू लागली होती. म्हणजे नव्या उपचारांचा खरा प्रभाव, दोन गटांतील फरकातून दिसतो त्यापेक्षा मोठा आहे, कारण त्या उपचारांनी तुलनेचा गटही वर उचलला.

अनुकूल गटाबाबत मात्र सावध बोलावे लागते. ज्यांचा रोग संथ आहे अशा रुग्णांत सुरुवातीच्या अहवालात सुनिटिनिबनेच अधिक गाठी आक्रसल्या होत्या, आणि आठ वर्षांनीही मध्यक जीवितकालातला जोडीचे 77.9 विरुद्ध सुनिटिनिबचे 66.7 महिने हा फरक संख्याशास्त्रीय निकषावर निर्विवाद ठरत नाही. या गाठी रक्तवाहिन्यांवर अधिक विसंबून असतात आणि टी-पेशींचा वावर त्यांत कमी असतो, असे ऊतींच्या अभ्यासातून दिसते.

चाचणीतील रुग्ण आणि दवाखान्याच्या दारात उभा असलेला रुग्ण यांच्यातही अंतर असते. चाचणीत भाग घेण्यासाठी यकृत आणि हृदय बऱ्या स्थितीत असावे लागते, मेंदूत रोग पसरलेल्यांना बहुधा वगळले जाते, आणि उपचारासाठी थांबण्याइतका वेळ हातात असावा लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीत दूरवर पसरलेल्या मूत्रपिंड-कर्करोगाचे पाच वर्षांचे सापेक्ष जीवितप्रमाण, म्हणजे त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत हयात असलेल्यांचे प्रमाण, शतकाच्या आरंभी दहा टक्क्यांच्या आसपास होते आणि अलीकडच्या नोंदींत ते अठरा टक्क्यांच्या आसपास आले आहे. चाचण्यांतील चाळीस-अठ्ठेचाळीस टक्क्यांशी ताडून पाहता ही वाढ लहान वाटते. पण नोंदवहीत सर्वच रुग्ण येतात, ज्यांना उपचार सुरूच करता आला नाही तेही, आणि पाच वर्षांचा हिशेब मांडायचा तर निदान बरेच आधीचे असावे लागते, त्यामुळे या आकड्यांत नव्या औषधांपूर्वीचे रुग्णही मिसळलेले असतात.

लगाम सोडण्याचे दुष्परिणामही त्याच तर्काने येतात. मोकळ्या झालेल्या टी-पेशी आतडी, यकृत, फुप्फुसे, कातडी किंवा थायरॉइड व पियुषिका या ग्रंथींवर हल्ला करू शकतात. बहुतेक वेळा स्टिरॉइडने दाह आवरता येतो, पण ग्रंथी निकामी झाल्यास आयुष्यभर हार्मोनच्या गोळ्या घ्याव्या लागतात. चेकमेट 214 मध्ये गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण जोडीत 46 टक्के आणि सुनिटिनिबमध्ये 63 टक्के होते, परंतु इम्युनोथेरपीचे दुष्परिणाम शेवटच्या डोसानंतर महिन्यांनीही उद्भवू शकतात, आणि तेव्हा रुग्ण एखाद्या गावच्या दवाखान्यात साधी हगवण समजून गेलेला असतो. तेथील डॉक्टरला या औषधांची माहिती असणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

भारतात दरवर्षी सुमारे सतरा हजार लोकांना मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे निदान होते, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. या देशात आलेखाची शेपटी किती जणांना मिळते, हा प्रश्न जीवशास्त्राइतकाच पैशाचा आहे. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत या औषधांची ज्यांना गरज आहे त्यांच्यापैकी जेमतेम एक ते तीन टक्के रुग्णांपर्यंत ती पोहोचतात, असे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील संशोधकांनी नोंदवले आहे. त्याच संशोधकांनी डोके व मानेच्या प्रगत कर्करोगाच्या 151 रुग्णांवर चाचणी घेतली. निवोलुमॅबचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना 240 मिलिग्रॅम असतो. त्यांनी दर तीन आठवड्यांना अवघे 20 मिलिग्रॅम, तेही तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीने, दिले आणि वर्षभराने हयात असलेल्यांचे प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेले. हा निकाल मूत्रपिंडाला जसाच्या तसा लावता येत नाही, कारण रोग वेगळा आणि जोडीची औषधेही वेगळी आहेत. तरी पीडी-1 चे रेणू अडवण्यासाठी प्रचलित डोसाहून पुष्कळ कमी औषध पुरत असावे, ही शक्यता टाटा मेमोरियलच्या या कामाने जगापुढे ठेवली, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी ती तपासण्याइतके निकडीचे काम आज या क्षेत्रात दुसरे क्वचितच असेल.

दरम्यान पाश्चात्त्य देशांत औषध रोगाच्या आणखी आधीच्या टप्प्यावर आले आहे. ‘कीनोट 564’ मध्ये, शस्त्रक्रियेने गाठ काढलेल्या पण ती परतण्याचा धोका मोठा असलेल्या 994 रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर पेम्ब्रोलिझुमॅब दिले गेले, आणि चार वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण 86 टक्क्यांऐवजी 91.2 टक्के निघाले. याच हेतूने घेतलेल्या इतर काही औषधांच्या चाचण्या मात्र अपयशी ठरल्या, त्यामुळे हा लाभ नेमका कोणाला होतो यावर वाद आहे. शिवाय या रुग्णांपैकी ज्यांचा रोग पुढे परततो, त्यांचा लगाम एकदा सोडून झालेला असतो. आधी इम्युनोथेरपी घेतलेल्यांना रक्तवाहिन्यांवरील कॅबोझँटिनिबसोबत पुन्हा तशाच औषधाची जोड देऊन पाहणाऱ्या ‘कॉन्टॅक्ट-03’ या 2023 सालच्या चाचणीत त्या जोडीचा काहीही लाभ झाला नाही. म्हणून अशा रुग्णांसाठी व्हीएचएलच्या बिघाडाने साचणाऱ्या टंचाईच्या प्रथिनालाच अडवणारे, डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत पसरलेल्या मूत्रपिंड-कर्करोगासाठी मान्य झालेले बेल्झुटिफान पुढे येत आहे, आणि येत्या दशकातील आलेखांच्या आरंभबिंदूवर उभे असलेले रुग्ण मोत्झर यांच्या 670 जणांसारखे नसतील, त्यांच्यापैकी अनेकांच्या शरीरात टी-पेशींनी ही लढाई एकदा लढून झालेली असेल.